आमच्या गच्चीवरची काळी मडकी

माझे सासरे जहाजावर नोकरीला होते, या एका गोष्टीवर माझ्या आईनं हे स्थळ पसंत केलं. मुलगा काय शिकलाय, पगार किती, हे तिनं नंतर विचारलं. आम्ही नागपूरची माणसं, समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. जहाजावरचा माणूस म्हणजे देशोदेशी फिरलेला, घरी येताना साबण आणि सेंट आणणारा, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लग्नात माझ्या मामीनं भर मांडवात सासऱ्यांना गाठलं आणि विचारलं, "काय बावा, किती देश पाह्यले तुम्ही?"

सासरे म्हणाले, "एकही नाय. आमचं जहाज कुठं जायचंच नाय."

मामीला वाटलं, माणूस विनयशील आहे. आईला मात्र शंका आली आणि तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काहून वं, हे काय म्हणून राहिले?" तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. ज्या जहाजाची तिनं अख्ख्या नात्यागोत्यात जाहिरात केली होती, ते एकाच जागी उभं राहणारं निघालं. पुढं कित्येक वर्षं ती मला चिडवायची, "जहाजवाल्याच्या घरी देली पोरगी, सेंटची बाटली नाही पाह्यली अजून."

ते जहाज म्हणजे दीपनौका होती. सासरे आणि त्यांचे सोबती तिला बत्तीजहाज म्हणायचे. आपल्याच किनाऱ्यावर, उत्तरेकडच्या आखातात एके ठिकाणी पाण्याखाली वाळूचा लांबलचक दांडा आहे. भरतीला तो दिसत नाही आणि चुकून त्यावर चढलेलं जहाज सहजी सुटत नाही. तिथं दीपगृह बांधायचं तर वाळूवर पाया धरत नाही. म्हणून एक जहाज नेऊन तिथं नांगरलं, डोलकाठीवर मोठा दिवा चढवला, अंगाला लाल रंग दिला आणि दोन्ही बाजूंना त्या दांड्याचं नाव पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं. जहाजाला स्वतःचं असं नाव नव्हतंच. ते चालवायला इंजिनही नव्हतं. जे होतं ते दिव्याला वीज पुरवणारं. भरती-ओहोटीला ते आपल्या साखळीभोवती फिरायचं, त्यामुळे जेवायला बसताना समोर असलेला सूर्य हात धुवेपर्यंत पाठीमागं गेलेला असायचा. सासरे या दिव्याचे मिस्त्री. महिनाभर पाण्यावर, मग बदलीची माणसं घेऊन बोट आली की घरी, असं त्यांचं सगळं आयुष्य गेलं.

घर कोकणात होतं आणि जहाज पार वर आखातात. माझा नवरा लहान असताना दिवेलागणीला गावामागच्या टेकडीवर चढून बसायचा. वडिलांचा दिवा दिसेल असं त्याला वाटायचं. तो दिसणं शक्यच नव्हतं, इतका तो लांब होता, पण हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. गावातली पोरं टेकडीच्या पायथ्याशी उभी राहून ओरडायची, "दिसला का रे तुझा बाप?" लग्न झाल्यावर हे त्यानं मला हसत हसत सांगितलं होतं. मला मात्र त्या पोरांच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

मग त्या दांड्यावर एक तरंगता दिवा आणून सोडला. तो उन्हावर चालतो, आपोआप लागतो, आपोआप विझतो, त्याला माणूस लागत नाही आणि जेवण तर लागतच नाही. दीपनौका ओढून धक्क्यावर नेली आणि तिचा लिलाव झाला. सासरे त्याच सुमारास निवृत्त झाले. काही वर्षांनी सासूबाई गेल्या. नवऱ्याची नोकरी बुटीबोरीच्या कापड गिरणीत, घर प्रताप नगरात, मी इथंच एका सरकारी कचेरीत. आम्ही गावच्या घराला कुलूप लावलं आणि सासऱ्यांना नागपूरला घेऊन आलो.

ते आले एक लोखंडी पेटी आणि एक पितळी दिवा घेऊन. दिवा म्हणजे जहाजाच्या नाकाडावर टांगायचा छोटा कंदील, जाड काचेचा, काचेवर गोल गोल वळ्या. जहाज रिकामं करताना निकामी सामानात निघाला, तो साहेबांनी त्यांना देऊन टाकला होता. आत त्यांनी केव्हाच विजेचा बल्ब बसवून घेतला होता. मी तो चिंच आणि मीठ लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं. पहिलीच दिवाळी होती. म्हटलं, "बाबा, हा गच्चीवर लावू या."

"हा नाय लावायचा," ते म्हणाले. "ही त्याची जागा नव्हे." आणि जुन्या लुंगीत गुंडाळून त्यांनी तो पेटीत ठेवला.

मला राग चटकन येतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मी भांडी जरा जोरातच घासली. त्यांच्यासाठी मी एक अख्खं कपाट रिकामं केलं होतं, आत नवा कागद अंथरला होता. ते रिकामंच राहिलं. त्यांचे कपडे पेटीत. धुऊन, वाळून, घडी करून पुन्हा पेटीत. बोलण्यात सारखं "गावी परत गेलो की" यायचं. गावी कुणी उरलं नव्हतं. पावसात एकटा माणूस त्या घरात पडला-झडला तर कळायलाही दोन दिवस लागले असते. मला त्यांच्याकडून काही नको होतं. एवढंच हवं होतं की या माणसानं हे आपलं घर मानावं आणि इथंच राहावं.

तसे ते रुळत होते, असं मला दिसायचं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी कूलरला नावं ठेवली, दुसऱ्या उन्हाळ्यात कूलर बंद केला की त्यांना झोप येईना. जहाजावरच्या जनरेटरचा असाच आवाज यायचा म्हणे. आईशी त्यांचं मेतकूट जमलं. ती दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिनं त्यांना तर्रीपोह्याची चटक लावली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आता हेच गृहस्थ ठेल्यावर "तर्री थोडी वाढव रे" म्हणून वाटी पुढं करतात. तळ्यातल्या मासळीला मात्र ते अजून मासळी म्हणत नाहीत. तोंड वाकडं करून खातात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात. कधी कंटाळा आला की मेट्रोत बसून बर्डीच्या बाजारात जायचे, तिथं काहीही न घेता पुढच्या मेट्रोनं परत यायचे. "चालणाऱ्या गाडीत बसायची हौस राहून गेली होती," म्हणायचे.

मडक्यांचं सांगायचं राहिलं. ती त्यांनी त्या पहिल्या दिवाळीनंतर लगेच आणली. रस्त्याकडेच्या कुंभारणीकडून दोन गोल मडकी आणली, काळा रंग दिला, एक गच्चीच्या पुढच्या कांबीला टांगलं आणि एक मागच्या. संध्याकाळ झाली की त्याच दोन जागी लाल झिरोचे बल्ब लावायचे. एकही दिवस चुकला नाही. ताप आला होता तेव्हा नवऱ्याला वर पाठवून लावून घेतले.

आमच्याकडे नवं घर बांधताना नजर लागू नये म्हणून काळं मडकं टांगतातच. सगळ्यांना वाटलं, तेच हे. आई तर फार खूश झाली. "पाह्य वं, किती काळजी आहे तुह्या सासऱ्याले. एक नाही, दोन दोन टांगले. पुढून नाही लागत नजर अन् मांगूनही नाही लागत." शेजारच्या काकूंनी विचारलं, "लाल बल्ब कोणत्या देवाचा?" मला माहीत नव्हतं, तरी मी "कुलदेवतेचा" म्हणून ठोकून दिलं. माझा नजरेबिजरेवर विश्वास नाही. दिसायलाही ते काही बरं दिसत नव्हतं, सगळ्या गल्लीत आमचीच गच्ची अशी भुतासारखी. पण मनातून मला छान वाटायचं. घराला नजर लागू नये असं ज्याला वाटतं, त्याला ते घर आपलं वाटत असणारच, असा माझा हिशेब.

आणखी एक सवय होती त्यांची. रोज सकाळी चहाआधी गच्चीवर जायचे. हातात जुनं होकायंत्र घ्यायचे, एक डोळा बारीक करायचे आणि हात लांब करून आधी पाण्याच्या टाकीकडं, मग मोबाइलच्या टॉवरकडं, मग देवळाच्या कळसाकडं रोखून बघायचे. मान हलवायचे आणि खाली यायचे. मला वाटायचं, डोळ्यांचा व्यायाम आहे. कचेरीत दोघीतिघींना मी तो करायलाही सांगितला. एकीनं तर गुण आला म्हणून सांगितलं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एक दिवस नवऱ्यानं फोनवर एक व्हिडिओ पाहिला. सासऱ्यांची दीपनौका! एका धक्क्यावर बांधलेली, आणि तिच्यावर हॉटेल. लिलावात घेणाऱ्यानं बरेच दिवस नुसती ठेवली होती, मग दुसऱ्यानं घेतली आणि टेबल-खुर्च्या टाकल्या. सासऱ्यांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला देव जाणे. जेवताना पाहायचे, आंघोळीला जाताना पाहायचे, दर वेळी "तो बघ, तो आमचा भटारखाना" म्हणायचे. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघं गाडीत बसलो आणि गेलो.

मी पहिल्यांदाच जहाजावर चढत होते. फळीवरून जाताना पाय लटपटत होते, आणि सासरे मात्र स्वतःच्या ओट्यावर चढावं तसे चढले. लाल रंग जाऊन निळा आला होता. दांड्याचं नाव पुसून तिथं हॉटेलचं नाव, त्याच्या बाजूला हसरा मासा. जिथं त्यांच्या झोपायच्या फळ्या होत्या तिथं आता फॅमिली रूम. कुठल्यातरी मुलीचा वाढदिवस होता, त्यामुळे सगळीकडं काळे आणि सोनेरी फुगे. हल्ली वाढदिवसाला काळे फुगे का लावतात, हे मला समजलेलं नाही. सासऱ्यांनी हात फिरवत फिरवत सगळं पाहिलं. ते खट्टू होतील अशी मला भीती होती, पण ते चक्क खूश होते. "रंग चांगला राखलाय. गंज नाय," म्हणाले. मग त्यांनी वर डोलकाठीकडं पाहिलं.

खरा दिवा केव्हाच काढून नेलेला होता. त्या जागी रंग बदलणारे बल्ब बसवले होते, लाल, हिरवे, जांभळे, आणि भर दुपारी ते लुकलुकत होते. नवराही मान वर करून बघत होता. "म्हणजे तो दिवा काही मी पाहिलाच नाही," तो हळूच म्हणाला.

सासरे मॅनेजरकडं गेले. तरुण होता, बोलायला गोड. त्याला म्हणाले, "तो वरचा दिवा तेवढा बंद करा."

"का हो काका? गिऱ्हाईक त्यालाच बघून येतं."

"जागा सुटलेल्या बत्तीजहाजानं दिवा लावायचा नसतो. लांबून येणारा आपल्यावर विश्वास ठेवतो ना. आपण आपल्या जागेवर नसलो तर तो फसतो. साखळी तुटली, वादळात जहाज वाहवलं, काहीही होऊ दे, जागा सुटली की पहिल्यांदा मोठा दिवा विझवायचा. मग दिवसा पुढं एक आणि मागं एक असे दोन काळे गोळे टांगायचे, आणि अंधार पडला की त्याच जागी दोन लाल दिवे. म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हे जहाज आपल्या जागेवर नाय, याच्या भरवशावर वाट ठरवू नका."

मॅनेजरला काय सुचलं कुणास ठाऊक, बहुधा म्हाताऱ्याचं मन मोडायचं नव्हतं. त्यानं वरचे बल्ब बंद केले, वाढदिवसाचे दोन मोठे काळे फुगे सोडवून घेतले आणि एक पुढं, एक मागं बांधून आला. "आता बरोबर, काका?"

"बरोबर," सासरे म्हणाले, आणि समाधानानं सुरमईची थाळी मागवली.

मी त्या फुग्यांकडं पाहत राहिले. पुढं एक काळा गोळा, मागं एक काळा गोळा. आणि अंधार पडला की लाल दिवे. नजर नव्हती, कुलदेवता नव्हती, आमच्या घराची काळजीही नव्हती. इतकी वर्षं आमची गच्ची दिवसरात्र सगळ्या गल्लीला सांगत होती, की या घरातला माणूस आपल्या जागेवर नाही. आणि मी त्या मडक्यांवरची धूळ पुसत होते!

परतीच्या गाडीत मी कुणाशी बोलले नाही. नवऱ्यानं दोनदा "काय झालं?" विचारलं, मग तो झोपून गेला. सासऱ्यांनी माझ्यासाठी स्टेशनवरून केळी आणली. ती मी खाल्ली, पण बोलले नाही. खरं सांगायचं तर रागापेक्षा मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी रागावते. आपण एका माणसासाठी कपाट रिकामं करावं, त्याचं पथ्यपाणी सांभाळावं, आणि त्यानं आपल्या छपरावर अशी पाटी लावावी.

नागपूरला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गच्चीवर गेले. बोलायचंच असं ठरवून गेले होते. सासरे होकायंत्र घेऊन उभे होते. टाकी पाहिली, टॉवर पाहिला, कळसाकडं हात लांब केला. मी विचारलं, "हा व्यायाम डोळ्यांचाच ना?"

"व्यायाम कसला?" ते हसले. "जागा बघतोय. पाळी सुरू झाली की आधी हेच काम. तीन खुणा बघायच्या. तिन्ही होत्या तिथंच दिसल्या तर नांगर सरकलेला नाय. जहाजावरून एक टेकडी दिसायची, एक मिठागराचं धुराडं आणि एक देऊळ."

मी चिडले की माझी कचेरीतली मराठी पळून जाते आणि घरची तोंडात येते. "बाबा," मी म्हटलं, "हे दोन मडके काहून टांगले तुम्ही, ते कळलं मले."

त्यांचा हात खाली आला. होकायंत्र त्यांनी मुठीत धरलं. मग म्हणाले, "राग मानू नको गो. तुमच्यात काय कमी नाय. जागा सुटलेलं जहाज वाईट नसतं, त्यावरची माणसं सुखात असू शकतात. पण नियम तो नियम. मी तिथला, आणि आहे इथं. मग दिवा कसा लावू?"

"नियम माहीत झाला मले. पण एक सांगा. जागा सुटली म्हणता, तर मंग रोज सकाळी जागा कायले तपासून राहिले?"

त्यांनी अंगठ्यानं होकायंत्राची काच पुसली.

"सवय आहे," म्हणाले.

"सवय असन तर गावच्या खुणा पाहाच्या. गावची टेकडी पाहाची. आमची पाण्याची टाकी काहून पाहून राहिले तुम्ही? तिचं काय नातं तुमच्याशी?" माझा आवाज चढला होता. शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या. "आज तिन्ही खुणा बरोबर दिसल्या का नाही?"

"दिसल्या."

"अन् काल? परवा? मागच्या पावसाळ्यात?"

"बरोबरच होत्या."

"कधीपासून?"

त्यांनी होकायंत्राचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "आलो त्या दिवसापासून," ते म्हणाले. आणि मग माझ्या हातातला चहा घेऊन कठड्याला टेकून बसले. चहा पूर्ण संपेपर्यंत ते टाकीकडं बघत होते. मीही बसले. रडू आलं होतं, ते काकूंना दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली.

रिकामा कप कठड्यावर ठेवून ते म्हणाले, "जहाजाला नवी जागा दिली तर तशी सूचना काढावी लागते. मनानं गोळे उतरवता येत नाय. वरून निघावी लागते सूचना, सगळ्या जहाजांना."

सूचना काढणं हा माझा रोजचा धंदा आहे. आयुष्यात दुसरं काही मला इतकं चांगलं जमत नाही. मी तिथंच फोन काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकण्यासाठी लिहायला घेतलं. लिहून त्यांना वाचून दाखवलं: "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, आमच्या गच्चीवरील दोन काळी मडकी व दोन लाल दिवे आज सायंकाळी उतरविण्यात येत असून त्याऐवजी एक पांढरा दिवा कायमस्वरूपी लावण्यात येत आहे. ठिकाण: प्रताप नगर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेस. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी."

ते डोळे मिटून ऐकत होते. "चांगली झालीय," म्हणाले. "पण किती लांबून दिसतो ते नाय लिहिलंस. तेच तर सगळ्यात महत्त्वाचं."

"चौकातून, असं लिहू?"

"लिही. पण खात्री करून घ्यायला हवी."

मी सूचना पाठवली. पहिलं उत्तर काकूंचं आलं, कठड्यापलीकडून नुसतं विचारायचं सोडून त्यांनी तेही ग्रुपवर टाकलं: "नजर उतरली काय वं?" दुसरं कुणाचं तरी: "जेवण आहे काय?" तिसऱ्यानं नुसते हात जोडले. जेवण नव्हतं, पण आईला कळल्यावर ती पातेलंभर मसालेभात घेऊन आली, तेव्हा तेही झालं.

संध्याकाळी सासऱ्यांनी मडकी आपल्या हातानं उतरवली. फोडू दिली नाहीत. काळा रंग काही सुटला नाही, पण आता ती गच्चीच्या कोपऱ्यात पाणी भरून ठेवलेली असतात आणि चिमण्या, साळुंक्या येऊन पितात. काळ्या मडक्यातलं पाणी उन्हाळ्यात तापतं असं आईचं म्हणणं आहे, चिमण्यांची तक्रार नाही. पेटी मात्र अजून पलंगाखालीच आहे आणि कपडेही तिच्यातच. ती खरंच सवय आहे, असं ते म्हणतात, आणि मीही आता नाद सोडलाय. त्या कपाटात मी पापड ठेवते.

मग त्यांनी लुंगीतून दिवा काढला. काचेवर फुंकर मारली, लुंगीच्या टोकानं पुसली. पुढच्या कांबीला टांगला, जरा सरकवला, पुन्हा सरकवला. आई म्हणाली, "लावा ना आता, भात थंडा होऊन राहिला." सूर्य टाकीमागून खाली जाईपर्यंत ते थांबले आणि मग बटण दाबलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठा उजेड पडेल. तसं काही झालं नाही. छोटा पांढरा दिवा, पण त्या वळ्यावळ्यांच्या काचेमुळे बाहेरच्या बाजूला फार स्वच्छ दिसणारा.

नवऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी आम्ही गच्चीवर होतो तोवर तो निघून गेला होता, आणि गिरणीत फोन कपाटात ठेवून कामाला लागतात. त्याची बस त्याला चौकात सोडते, तिथून तो चालत येतो. रोज येताना तो कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून काहीतरी घेतो, कधी संत्री, कधी ब्रेड. त्या दिवशी काही न घेता आला. जिना चढताना त्याच्या बुटांचा आवाज नेहमीपेक्षा भराभर येत होता. बूट न काढता, हातात डबा तसाच, तो सरळ गच्चीवर आला आणि दाराशीच उभा राहिला.

"चौकातून दिसला," तो म्हणाला.

सासऱ्यांनी विचारलं, "स्पष्ट?"

"स्पष्ट." त्यानं डबा खाली ठेवला. "बाबा, मी पहिल्यांदाच पाहिला."

सासरे त्याच्याकडं बघत राहिले. टेकडीचं त्यांना कुणी कधी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता रोज दिसेल," ते म्हणाले. "जा, हातपाय धू."